माती मोजली, ताट मोजायचे राहिले



ज्या भूमीवरून माणसांना उठवले, ती भूमी पुन्हा राहण्याजोगी झाली आहे का, हे कशावरून ठरवायचे? आणि ते ठरवायचे कोणी? अणुचाचण्यांच्या राखेने माखलेल्या बेटांपुढे हा प्रश्न पाऊणशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे. त्याचे उत्तर दोनदा घाईने दिले गेले, दोन्ही वेळा ते चुकले आणि दोन्ही वेळा माणसांना आपले घर दुसऱ्यांदा सोडावे लागले. चुकीचे मूळ कोठे होते, हे समजून घेणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

मार्शल बेटे प्रशांत महासागरात आहेत. एकोणतीस कंकणद्वीपे आणि पाच सुटी बेटे मिळून हा देश होतो. कंकणद्वीप म्हणजे प्रवाळाचे तुटक कडे. कड्याच्या आत शांत खारकच्छ, बाहेर अथांग समुद्र आणि मध्ये जमिनीची अरुंद पट्टी. तेथे डोंगर नाही, नदी नाही, काळी माती नाही. पायाखाली प्रवाळाची वाळू आणि तिच्यावर पिढ्यान् पिढ्यांच्या पालापाचोळ्याने साठलेला पातळसा सुपीक थर. या थरावर नारळ वाढतो, कोकणात नीरफणस म्हणून ओळखले जाणारे झाड वाढते आणि केवड्याच्या कुळातला, खाण्याजोग्या फळांचा पँडॅनस वाढतो. जमिनीचा वारसा आईच्या कुळाकडून येतो. खारकच्छापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत आडव्या जाणाऱ्या जमिनीच्या एकेका पट्ट्याला ‘वेटो’ म्हणतात. कोणता वेटो कोणत्या घराण्याचा, हे तिथल्या माणसाला आपल्या नावाइतके पाठ असते.

फेब्रुवारी १९४६ मध्ये, एका रविवारी प्रार्थना संपल्यावर, अमेरिकी नौदलाचे कमोडोर बेन वायट यांनी बिकिनी कंकणद्वीपाच्या लोकांना एकत्र बोलावले. मानवजातीच्या भल्यासाठी त्यांनी आपले बेट तात्पुरते सोडावे, अशी मागणी केली. मुखिया जुडा यांनी लोकांच्या वतीने संमती दिली. ७ मार्च १९४६ रोजी १६७ माणसे सुमारे दोनशे किलोमीटर पूर्वेला, रॉन्गेरिकला हलवण्यात आली. तेथे अन्न अपुरे पडले आणि लोक उपासमारीच्या तोंडी आले. १९४८ मध्ये त्यांना आधी क्वाजालेन आणि मग किली या बेटावर नेले. किलीला खारकच्छ नाही. लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात आणि वर्षातला मोठा काळ होडी समुद्रात घालता येत नाही. शांत पाण्यात मासेमारी करून जगलेल्या माणसांसाठी ते बेट म्हणजे बंदिवास होता.

इकडे १९४६ ते १९५८ या काळात बिकिनी आणि एनेवेटाक या कंकणद्वीपांच्या परिसरात मिळून ६७ अणुचाचण्या झाल्या. त्यातली सर्वांत मोठी १ मार्च १९५४ ची ‘ब्राव्हो’. अंदाज सुमारे सहा मेगाटनांचा होता, स्फोट पंधरा मेगाटनांचा झाला. काही तासांत सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या रॉन्गेलापवर पांढरी भुकटी पडू लागली. ती जळालेल्या प्रवाळाची किरणोत्सारी राख होती. मुले तिच्यात खेळली. ती पाण्यात पडली, अन्नावर पडली, केसांत बसली. लोकांना हलवायला दोन दिवस गेले. त्याच दिवशी समुद्रात असलेल्या ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मच्छीमार नौकेचे २३ खलाशीही त्या राखेत सापडले. त्यांच्यापैकी एकजण त्याच वर्षी मरण पावला.

आता मुख्य प्रश्न. अशा भूमीवर माणसे परत पाठवायची, तर आधी काय तपासायचे? चार गोष्टी तपासाव्या लागतात. जमिनीत काय उरले? ते माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोचते? किती पोचले तर चालेल? आणि हे सारे मोजणारा व ठरवणारा कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर उपकरण देते. दुसऱ्याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. तिसरा प्रश्न विज्ञानाइतकाच नीतीचा आहे आणि चौथा विश्वासाचा. चारांपैकी एक जरी विचारायचा राहून गेला, तरी उरलेल्या तिन्हींची उत्तरे निरुपयोगी ठरतात.

जमिनीत काय उरले?

अणुस्फोटातून शेकडो किरणोत्सारी समस्थानिके तयार होतात. त्यांतली बहुतेक अल्पायुषी असतात. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. ते लवकर नाहीसे होते; पण नाहीसे होण्यापूर्वी ते थायरॉइड ग्रंथीत साठते. रॉन्गेलापच्या त्या वेळच्या लहान मुलांपैकी बहुतेकांना पुढे थायरॉइडच्या गाठी झाल्या. परतण्याचा विचार सुरू होतो तेव्हा मात्र आयोडीन उरलेले नसते. तेव्हा प्रश्न असतो दीर्घायुषी द्रव्यांचा. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षे, स्ट्रॉन्शियम-९० चे जवळपास तेवढेच आणि प्लुटोनियम-२३९ चे चोवीस हजार वर्षांहून अधिक.

अर्धायुष्याचा हिशेब सोपा आहे. १९५४ साली पडलेले सीझियम १९८४ मध्ये निम्मे झाले, २०१४ मध्ये चौथा हिस्सा उरले, २०४४ मध्ये आठवा हिस्सा उरेल. पावसाच्या पाण्याबरोबर काही भाग खाली झिरपतो, त्यामुळे मुळांच्या आवाक्यातले सीझियम याहूनही वेगाने घटते. प्लुटोनियमच्या बाबतीत मात्र अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याच्या दृष्टीने मानवी इतिहासाचा सारा कालखंड म्हणजे थोडकेच दिवस.

मोजमाप दोन पातळ्यांवर होते. हेलिकॉप्टरमधून गॅमा किरणांची पाहणी केली की बेटाचा ढोबळ नकाशा हाती येतो. अशी मोठी पाहणी उत्तर मार्शल बेटांवर १९७८ मध्ये झाली. पण हवेतून दिसणारी माहिती अपुरी असते. म्हणून जमिनीत खड्डे घेऊन थराथराने मातीचे नमुने काढावे लागतात, विहिरींचे पाणी, फळे, मासे, खेकडे तपासावे लागतात. एकाच बेटाच्या दोन टोकांना आकडे फार वेगळे असू शकतात. म्हणून सरासरी हा या कामातला सर्वांत फसवा शब्द आहे. माणूस सरासरीवर घर बांधत नाही. तो स्वतःच्या वेटोवर घर बांधतो.

ते माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोचते?

किरणोत्सर्ग माणसाला तीन वाटांनी गाठतो. पहिली वाट बाहेरून: जमिनीतल्या सीझियमचे गॅमा किरण अंगावर येतात. दुसरी श्वासातून: धूळ उडते आणि प्लुटोनियमचे कण फुप्फुसात जातात. तिसरी तोंडातून, अन्नपाण्याबरोबर. जगातल्या बऱ्याच दूषित जागी पहिली वाट महत्त्वाची ठरते. प्रवाळबेटांवर तिसरी वाट सर्वांत मोठी आहे. असे का?

कारण मातीत आहे. चिकणमातीत सीझियम घट्ट अडकून बसते आणि झाडाच्या मुळांना सहज मिळत नाही. प्रवाळाच्या वाळूत चिकणमाती नसतेच. ती वाळू म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. तिच्यात पोटॅशियम अत्यल्प असते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी ठाऊक आहे. त्यातल्या पालाशाची, म्हणजे पोटॅशियमची, या बेटांवर कायमची टंचाई. आणि रसायनदृष्ट्या सीझियम हे पोटॅशियमचे भावंड आहे. पालाशाला भुकेलेले झाड समोर आलेले सीझियम पालाश समजून शोषून घेते आणि फळात पाठवते. स्ट्रॉन्शियमची गोष्ट उलटी. ते कॅल्शियमचे भावंड; आणि कॅल्शियम तर बेटभर पसरलेले. त्यामुळे झाड त्याच्या वाट्याला फारसे जात नाही. समुद्रातही पोटॅशियम मुबलक असल्याने माशांत सीझियम फार थोडे आढळते. म्हणजे धोका कोठे साठला? शहाळ्यात, खोबऱ्यात, पँडॅनसच्या फळात, नीरफणसात आणि खोबरे खाऊन वाढणाऱ्या मोठ्या नारळखेकड्यात. ज्या वस्तूंना तेथे अन्न म्हणतात, नेमक्या त्याच वस्तूंत.

बिकिनीचे दुसरे विस्थापन येथे समजून घ्यावे लागते. १९६८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बिकिनीवासीयांच्या परतीची घोषणा केली. तज्ज्ञांच्या समितीने बेट राहण्यास योग्य ठरवले होते. सफाई झाली, नारळाची नवी झाडे लावली गेली, घरे बांधली गेली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी काही कुटुंबे परत आली. त्यांना काही पदार्थ टाळण्याच्या सूचना होत्या. पण समितीच्या हिशेबात एक मूलभूत चूक होती: लोक किती नारळ खातील याचा अंदाज वास्तवापेक्षा फारच कमी धरला गेला होता. लावलेली झाडे मोठी झाली, फळाला आली. घरासमोरच्या नारळाला फळ धरले, तर माणूस दुसरे काय करील? त्याने पाणी प्यायले, खोबरे खाल्ले. तपासणीत शरीरातल्या सीझियमचे प्रमाण वर्षागणिक चढत गेलेले दिसले. अखेर १९७८ मध्ये बिकिनीवर राहणाऱ्या १३९ जणांना पुन्हा हलवण्यात आले.

येथे क्षणभर थांबायला हवे. मातीचे मापन अगदीच चुकले होते असे नाही. उपकरणांचाही दोष नव्हता. चुकले ते ताटाचे मोजमाप. बेटावरचा माणूस दिवसाला किती नारळ खातो, तहान लागली की काय पितो, तान्ह्या बाळाला दुधाबरोबर काय भरवतो, बाहेरून तांदूळ आणि डबाबंद अन्न घेऊन येणारी बोट लांबली की घर कशावर चालते? हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाहीत. त्यासाठी चुलीपाशी बसावे लागते. आहार ही त्या हिशेबातली मुख्य संख्या होती आणि नेमकी तीच अंदाजाने भरली गेली.

रॉन्गेलापची कथा याहून जुनी आणि याहून दुःखद. १९५७ मध्ये, राख पडल्यावर तीनच वर्षांनी, लोकांना परत आणले गेले. बेट सुरक्षित असल्याचे सांगितले गेले. परतल्यावर त्यांच्या शरीरातली किरणोत्सारी द्रव्ये अनेक पटींनी वाढली. दरवर्षी अमेरिकी वैद्यकीय पथक येई, तपासण्या करी, रक्त आणि मूत्राचे नमुने घेऊन जाई. आकडे जमत गेले. पण ज्यांचे आकडे होते, त्यांना ते समजतील अशा भाषेत मिळाले नाहीत. १९७८ च्या पाहणीचे निष्कर्ष १९८२ मध्ये मार्शली आणि इंग्रजी अशा दोन भाषांतल्या पुस्तिकेत छापून आले, तेव्हा रॉन्गेलापच्या लोकांना कळले की ज्या उत्तरेकडच्या बेटांवरून ते अन्न गोळा करत, तेथील प्रदूषण बिकिनीच्या तोडीचे आहे.

किती चालेल?

किरणोत्सर्गाची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. खडक, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण यांपासून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतकी नैसर्गिक मात्रा मिळतेच. तिच्यावर आणखी किती भर चालेल, हा वाद आहे.

आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मार्शल बेटांच्या अणुदावा न्यायाधिकरणाने ०.१५ मिलिसिव्हर्टची मर्यादा धरली. १९८५ मध्ये पुन्हा बेट सोडलेल्या रॉन्गेलापच्या लोकांच्या परतीसाठी १९९२ मध्ये झालेल्या करारात १ मिलिसिव्हर्ट ठरला. बिकिनीच्या तपासणीत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने हस्तक्षेपाचा विचार सुरू करण्याची पातळी म्हणून १० मिलिसिव्हर्ट पुढे ठेवले. फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानने स्थलांतराचे आदेश मागे घेण्यासाठी २० मिलिसिव्हर्टची कसोटी लावली. सगळे आकडे वर्षाचे. ०.१५ पासून २० पर्यंत म्हणजे शंभर पटींहून मोठी दरी. माणसाचे शरीर तर सगळीकडे सारखेच. मग फरक कशाचा? फरक दृष्टीचा आहे. एक आकडा विचारतो की नवे प्रदूषण करणाऱ्याला किती सूट द्यावी. दुसरा विचारतो की झालेल्या प्रदूषणातून माणसाला उठवावे की राहू द्यावे. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण ते एकच नाहीत. निर्वासिताला आकडा सांगताना तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हेही सांगणे सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे.

रॉन्गेलापच्या १९९२ च्या करारात एक कलम फार मोलाचे होते. मर्यादा पाळली जाते की नाही हे तपासताना माणूस केवळ स्थानिक अन्न खातो असे गृहीत धरायचे, असे त्यात होते. कारण ज्याला आपल्याच झाडाचे फळ खाता येत नाही, तो परतला असे कसे म्हणायचे? बोटीने येणाऱ्या तांदळावर अवलंबून ठेवून दिलेली सुरक्षितता बोट थांबली की संपते. बिकिनीत शिकलेला धडा येथे कायद्याच्या भाषेत उतरला.

बिकिनीची स्वतंत्र तपासणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने केली आणि १९९८ मध्ये अहवाल दिला. बेटावर फिरायला, किनाऱ्यावर जायला, समुद्रातले मासे खायला हरकत नाही. पण कायम राहून केवळ तेथलेच अन्न खाल्ले, तर वर्षाला सुमारे १५ मिलिसिव्हर्टची भर पडू शकते. म्हणून आहे त्या स्थितीत कायमची वस्ती करू नये, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यासोबत उपायही सुचवला होता.

उपाय दोन आहेत आणि त्यांच्यातली निवड कठीण आहे. पहिला, वरची माती खरवडून काढणे. सीझियम वरच्या थरात असते, म्हणून हा उपाय खात्रीचा. पण तोच थर बेटाचा सगळा सुपीकपणा असतो. तो काढला की उरते पांढरी वाळू. आणि तसा थर पुन्हा जमायला पिढ्या जातात. दुसरा उपाय जमिनीला पालाश देण्याचा. बिकिनीवर अमेरिकी शास्त्रज्ञांनी केलेल्या दीर्घ प्रयोगांत दिसले की पोटॅशियमचे खत घातल्यावर नारळातले सीझियम घटून मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. झाडाची पालाशाची भूक भागली की ते सीझियमकडे वळत नाही. शिवाय पीकही वाढते. मात्र खत ठरावीक वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. म्हणून सुचवला गेलेला मार्ग दोन्हींच्या मेळाचा होता: घरांभोवतीची माती काढायची आणि बागांना पालाश द्यायचा. रॉन्गेलापच्या नव्या वस्तीच्या तयारीत घरांभोवती माती काढून प्रवाळाची खडी पसरली गेली, ती याच विचाराने. अंगणात प्रवाळाची खडी घालण्याची रीत तेथे पूर्वापार आहे. येथे परंपरा आणि विज्ञान एकाच कामाला आले.

एनेवेटाकवर वेगळा मार्ग निवडला गेला. तेथील लोक १९४७ मध्ये उजेलांगला हलवले गेले होते. १९७७ ते १९८० या काळात दूषित माती आणि कचरा गोळा करून रुनिट बेटावरच्या एका स्फोटविवरात टाकला गेला आणि त्यावर काँक्रीटचा घुमट चढवला गेला. ७०,००० घनमीटरांहून अधिक माल त्यात आहे. विवराच्या तळाशी मात्र अस्तर नाही. लोक १९८० मध्ये परतले, पण दक्षिणेकडच्या बेटांवर. उत्तरेचे एन्जेबी ज्यांचे गाव, त्यांना दुसऱ्यांच्या जमिनीवर राहावे लागले. कागदावर ते कंकणद्वीपात परतले. आपल्या वेटोवर परतले नाहीत. सुरक्षिततेचा नकाशा आणि वारशाचा नकाशा यांच्या रेषा जुळत नाहीत, हे मूल्यांकन करणाऱ्याने आधीच जाणले पाहिजे.

मोजणारा कोण?

बिकिनीच्या लोकांनी १९७५ मध्ये अमेरिकी सरकारविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यांची मागणी पैशाची नव्हती. आमच्या बेटाची पूर्ण शास्त्रीय पाहणी करा, एवढेच मागणे होते. ज्यांनी चाचण्या केल्या त्यांच्याकडेच मोजमापाची मागणी न्यायालयातून करावी लागते, यातच विश्वासाची स्थिती स्पष्ट होते.

रॉन्गेलापच्या लोकांनी १९८५ मध्ये स्वतःच निर्णय घेतला. लोकप्रतिनिधी जेटन अंजैन यांच्या पुढाकाराने तीनशेहून अधिक माणसे ग्रीनपीसच्या ‘रेनबो वॉरियर’ या जहाजातून क्वाजालेन कंकणद्वीपातल्या मेजाटो बेटावर गेली. घरांचे लाकूड, पत्रेही त्यांनी बरोबर नेले. कोणत्याही सरकारने त्यांना हलवले नव्हते. त्यांना सांगितलेल्या सुरक्षिततेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. अविश्वासाने घर सोडणारा माणूस अडाणी नसतो. त्याच्याकडे १९५७ ते १९८५ या अठ्ठावीस वर्षांचा अनुभव असतो.

म्हणून मोजमाप लोकांच्या डोळ्यांसमोर झाले पाहिजे. पुढे एनेवेटाक, रॉन्गेलाप आणि राजधानी माजुरो येथे पूर्ण शरीर तपासणीची यंत्रे बसवली गेली. अशा यंत्रापुढे माणूस काही मिनिटे बसला की त्याच्या शरीरातले सीझियम मोजता येते. प्लुटोनियमसाठी मूत्राची तपासणी केली जाते. ही यंत्रे चालवायला स्थानिक तंत्रज्ञ शिकवले गेले. अंदाज खरा ठरला की खोटा, हे शरीर सांगते. आणि उत्तर त्या शरीराच्या मालकाला आधी मिळते. स्वतंत्र फेरतपासणीही तितकीच आवश्यक. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बिकिनी बेटावर फक्त बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांची सरासरी मात्रा वर्षाला १.८४ मिलिसिव्हर्ट इतकी नोंदवली. अन्नाचा हिशेब न धरताच ती रॉन्गेलापसाठी ठरलेल्या मर्यादेहून जास्त होती.

श्रोतेहो, सार असे. जमिनीचे मोजमाप ही सुरुवात आहे, निकाल नव्हे. प्रवाळाच्या वाळूत सीझियम नारळातून माणसापर्यंत येते, म्हणून आहाराचे खरे मोजमाप न करता दिलेला सुरक्षिततेचा दाखला पोकळ असतो. मर्यादेचा आकडा निवडताना नीती लागते, म्हणून तो बंद दाराआड ठरू नये. सर्वांत जास्त मात्रा मिळू शकणाऱ्या माणसाचा हिशेब सरासरीच्या आधी करावा आणि त्यात मुलांना पहिले स्थान द्यावे. उपाय बेटाला जगवणारा असावा. आणि परतायचे की नाही, याचा अखेरचा निर्णय ज्यांची ती भूमी आहे त्यांचाच असावा. तज्ज्ञांनी त्यांना खरी माहिती, त्यांच्या भाषेत आणि वेळेवर द्यावी.

जमीन सुरक्षित आहे का, हा प्रश्नच अपुरा आहे. या जमिनीवर, ही झाडे लावून, हे अन्न खाऊन, हे मूल येथे वाढवणे सुरक्षित आहे का, असा पूर्ण प्रश्न विचारला पाहिजे. १९६८ मध्ये तो तसा विचारला गेला असता, तर १९७८ चे विस्थापन टळले असते. १६७ माणसांना तात्पुरते जायला सांगितलेल्या बिकिनीवर आजही कायमची वस्ती नाही.